नानासोंचा अर्धा डाव

माधवनगर,
रविवार, ८ डिसेंबर १९९६

सन्माननीय नानासो यांस,

विष्णुपंताचा नमस्कार पोचावा. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. साताऱ्याची थंडी तुमच्या गुडघ्यांना सोसते का? तुमची लेक राजनंदिनी मायेनं शेक देत असेलच, आणि जावई फौजेतले, म्हणजे पहाटे पाचला उठवतही असतील. (तुम्ही स्वतः पंधरा वर्षं फौजेत काढलीत, तेव्हा तक्रारीला जागा नाही.) माझं म्हणाल तर पाठ धरली आहे आणि जेवणावर वासना नाही. गिरणी बंद पडल्यापासून भोंगा होत नाही, त्यामुळे दुपार संपली की नाही हेही कुणाला तरी विचारावं लागतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तुम्ही पत्त्यांवरून उठून गेलात ते गेलातच, थेट साताऱ्याला. आज सहावा रविवार. आपल्या टेबलाला आता मी आणि कुपवाडचा धैर्यशील असे दोघंच उरलो आहोत. तो लेथवरून आल्या आल्या हात न धुता पत्ते पिसतो. हातात काहीही येवो, पान टाकून देणं त्याच्या जिवावर येतं. आणि मी हल्ली जवळजवळ प्रत्येक डाव टाकून देतो. त्यामुळे खेळ असा होतच नाही. आम्ही चहा पितो, तुमच्या खुर्चीवर वर्तमानपत्र ठेवतो आणि सहा वाजता तो स्कूटरला किक मारतो. पुढच्या रविवारी येईन की नाही सांगता येत नाही, असं आज तो म्हणाला. तेव्हा तुम्ही परत आला नाहीत तर हे टेबल मोडलंच म्हणून समजा.

याला जबाबदार शेजारचा सुमंत. (परदेशी बोटीवर वेटर आहे. त्याची आई ऑफिसर म्हणून सांगते, आपण हो म्हणतो.) उन्हाळ्यात सुटीवर आला आणि आपली चांगली चाललेली रमी मोडून हा ओमाहा नावाचा खेळ गळ्यात मारून गेला. ते अमेरिकेतल्या एका गावाचं नाव आहे म्हणे. आपल्या तासगावच्या नावानं कुणी खेळ का काढला नाही, असं तुम्ही तेव्हा विचारलंही होतंत. हातात चार पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच; त्यांतून पाचांचा डाव लावायचा. सगळ्यांत भारी डावाला अर्धा गल्ला, सगळ्यांत हलक्याला अर्धा. पहिल्या दोन फेऱ्यांना एकेक बेदाणा लावायचा, पुढच्या दोन फेऱ्यांना दोन-दोन, आणि त्याहून जास्त लावायला मनाई. बेदाणे तुमच्याच शेडमधले, हिरवे, लांबट. बोटीवर लोक काय लावतात कोण जाणे, पण विचार करता करता लावलेला माल खाऊन टाकणारे खेळाडू सुमंतानं आपल्याकडेच पाहिले असणार. धैर्यशील तर दोनदा अख्खा गल्ला खाऊन बसला आणि मग डाव कुणाचा यावर आपण वाद घातला.

जाताना सुमंत नवशिक्यांसाठी एक कागद लिहून देऊन गेला. मी जन्माचा गिरणीतला कारकून, तेव्हा त्याची सुवाच्य नक्कल करून कॅलेंडरखाली टांगली आणि दर रविवारी खेळाआधी मोठ्यानं वाचली. चार पानांचं एकमेकांशी जमत नसेल तर डाव टाकून द्या. एक्का-दुर्री एकत्र आली तर सांभाळा, हलका डाव तिच्यावरच लागतो. आणि सर्वांत मुख्य, अर्ध्यासाठी खेळू नका, पुऱ्या गल्ल्यासाठी खेळा. नेमकं हेच तुम्हाला कधी साधलं नाही. जूनपासून तुमच्या वाट्याला अर्धाच गल्ला, आणि धैर्यशीलाकडेही एक्का-दुर्री निघाली की अर्ध्याचाही अर्धा. त्या दिवशी तुम्ही पानं उचलताना म्हणालात, "लय झालं अर्धं अर्धं, पंत. आज पुरा गल्ला न्हाई आला तर पुन्यांदा पत्त्याला हात लावायचा न्हाई."

मग तो डाव. धैर्यशील पहिल्यांदाच शहाण्यासारखा पानं टाकून मोकळा झाला. टेबलावर बदामाचा राजा, सत्ती, चव्वी, तिर्री आणि किलवरची राणी. तुमच्याकडे काळी एक्का-दुर्री आणि दोन काळ्या चव्व्या. हलका डाव तुमचा, यात वादच नव्हता. भारीसाठी तुम्ही तीन चव्व्या मांडल्यात, आणि मी बदामाचा एक्का आपटला. टेबलावरचे चार बदाम आणि माझा एक, पाची बदाम, म्हणजे तीन चव्व्यांहून भारी. धैर्यशील वा म्हणाला. पुन्हा अर्धं. तुम्ही टोपी घातलीत आणि तुमच्या वाटणीचे बेदाणे तसेच टाकून निघालात. एवढ्यातेवढ्यावरून एवढा राग? नानासो, खेळ म्हटला की हारजीत आलीच. मोठ्या माणसानं मन मोठं ठेवावं, एवढंच सांगायला हे पत्र.

राजनंदिनीला आशीर्वाद. आमची ही, शरयू, तुमची विचारपूस करते, म्हणजे रोज मला बोल लावते.

आपला,
विष्णुपंत

ता. क. सुमंत काल सुटीवर आला. सहज तो डाव त्याला सांगितला. तो म्हणाला, काका, हातातली नेमकी दोन पानं लागतात, तुमच्याकडे बदाम एकच होता. म्हणजे माझी राजाची नुसती जोडी, एक हातातला, एक टेबलावरचा, आणि तुमच्या तीन चव्व्या भारी. अर्धा हलका तुमचा आणि अर्धा भारीही तुमचाच. पुरा गल्ला.

आणखी ता. क. खोटं कशाला लिहू? सुमंतानं सांगायची गरज नव्हती. दोन पानांचा तो नियम कागदावर पहिलाच आहे आणि तो दर रविवारी मीच वाचतो. तुम्ही फाटकाची कडी लावत होतात तेव्हाच माझी नजर कॅलेंडरखाली गेली. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण मीही जूनपासून एकदाही जिंकलो नव्हतो, नानासो. सहा रविवार मला पान हातात धरवत नाही. धैर्यशीलाला अजून सांगितलेलं नाही, तुमच्यासमोर सांगेन.

शेवटचं. गल्ल्यातले सगळे बेदाणे मी डब्यात जपून ठेवले होते. परवा शरयूनं मला न विचारता त्यातले सत्यनारायणाच्या शिऱ्याला घातले. बरोबर अर्धे उरलेत. तेवढे घ्यायला तरी या.