भुकेला निरोप

४ मार्च

ताईच्या नव्या घरात आज सकाळी दाखल झालो. ऑपरेशनला सहावा दिवस. दोन जिने चढलो आणि मध्ये एकदाच थांबलो, तेही जिन्याच्या खिडकीतून खालचं सायकलदुरुस्तीचं दुकान छान दिसतं म्हणून. खरं तर धाप लागली होती. रोजनिशीत खोटं कशाला लिहा?

निवृत्त झाल्यावर ताईने हे घर घेतलं. तीन खोल्या, स्वयंपाकघरात मोठी खिडकी, खिडकीला लागून टेबल. तीस वर्षं तिने एका कारखान्याचं कॅन्टीन चालवलं. रोज चारशे माणसं जेवू घातली आणि स्वतः शेंगेसारखी वाळकी राहिली. चव घ्यायची ती जिभेच्या टोकाने, जेवायचं ते सगळ्यांच्या शेवटी आणि उभ्या उभ्या. मी तिचा पाठचा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा ताईने मला पोटच्या पोरासारखं वाढलं आणि वाढवलं. जरा जास्तच. एकशे बेचाळीस किलो.

आता पोटाच्या चार हिश्श्यांपैकी तीन हिस्से कापून टाकलेत. उरलंय ते केळ्याएवढं. सहा आठवडे इथे राहायचं, कारण घरी मी एकटा आणि माझ्या निश्चयावर माझ्याइतका अविश्वास कुणाचाच नाही. खोलीत पुस्तकांच्या दोन पेट्या आणून ठेवल्या आहेत. ताईने विचारलं, की एवढी पुस्तकं वाचणार कधी? म्हटलं, जेवणाचा वेळ वाचला ना.

सगळ्यांत मोठी बातमी : भूक नाही. पोटात एकही कावळा ओरडत नाही. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा मी कुणाचा तरी नोकर नाही.

८ मार्च

आज इस्पितळात आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आलो. तिशीची पोरगी, पण बोलते सासूसारखी. सगळा हिशेब चमच्यांत सांगते, म्हणून मी तिला चमचाबाई म्हणतो. तिला ते कळलंय आणि तिची हरकत नाही.

तिचे नियम असे. दुसऱ्या आठवड्यापर्यंत पातळ, मग गाळलेलं, मग मऊ. चहाच्या चमच्याने खायचं, प्रत्येक घास वीस वेळा चावायचा. दोन घासांत मिनिटभर अंतर. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही, आणि बाकी सगळा दिवस घोट घोट पाणी. सहा आठवडे घट्ट अन्न पूर्ण वर्ज्य. का, असं मी वक्तृत्वाच्या सवयीने जरा चढ्या आवाजात विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, आतला टाका उसवला तर पोटातलं पोटात सांडेल. मग भाषण आम्हाला करावं लागेल, तुमच्या फोटोसमोर."

बाई बोलायला पक्की आहे. आपल्याला आवडली.

फक्त एक गोष्ट तिला सांगितली नाही. वेळ जात नाही. जेवण हे दिवसाचं हाड होतं, ते काढल्यावर दिवस नुसता लोंबतो. मी या खोलीतून त्या खोलीत जातो. पुस्तक उघडतो, पान संपायच्या आत उठतो. फडताळ उघडतो आणि बंद करतो. काही नको असतं. नको असणं इतकं अस्वस्थ करतं, हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

१३ मार्च

महिनाअखेरीस कामगारांच्या सभेत बोलायचं आहे. विषय माझा हुकमी : भूक. पस्तीस वर्षं मी गिरण्यांच्या, गोदामांच्या दारात उभा राहून त्यावर बोलतो आहे. एकदा गर्दीतून कुणीतरी म्हणालं होतं, की साहेब, कुणाची भूक ते आधी ठरवा, आणि सगळी गर्दी माझ्या पोटाकडे बघून हसली होती. त्या हशावरच मी पुढचं वाक्य असं ठेवून दिलं, की टाळ्या थांबेनात.

आज तेच वाक्य खिडकीत उभा राहून म्हणून पाहिलं. शब्द सगळे जागेवर होते. खालच्या सायकलवाल्याने मानसुद्धा वर केली नाही. तीनदा म्हटलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आवाज माझा होता, पण त्यात कुणी राहत नव्हतं.

ताई मात्र आज माझ्यासमोर बसून जेवली. बसून! दोनदा भात घेतला. मला बरं वाटलं. म्हातारपणी का होईना, बाईने स्वतःच्या ताटाकडे पाहिलं.

१७ मार्च

हे लिहावं की नाही, याचा सकाळपासून विचार करतो आहे.

जेवायला सुरुवात करण्याआधी मी ताटाच्या काठावर दोन बोटं आपटायचो. टक टक. लहानपणापासूनची सवय. पावाचे चार तुकडे करायचे, तीन खायचे, चौथा डाव्या बाजूला लपवल्यासारखा ठेवायचा आणि ताट धुवायला जाताना तो तोंडात टाकायचा. यावरून ताईने मला आयुष्यभर चिडवलं, चोर म्हणाली.

आज तिने ताटावर दोन बोटं आपटली. पावाचे चार तुकडे केले. चौथा डावीकडे ठेवला.

मी हसून म्हटलं, माझी नक्कल करतेस होय? तिने वर पाहिलं. तिला मी काय म्हणालो ते कळलं नव्हतं. ओठांना भात लागलेला होता आणि तिला तेही कळलं नव्हतं.

२० मार्च

माझं वजन नऊ किलोंनी उतरलं. चमचाबाईने शाबासकी दिली. घरी आलो तर ताई सिंकपाशी साबण लावून बोटातली अंगठी काढायचा प्रयत्न करत होती. बोट निळं पडलं होतं. शेवटी खालच्या सायकलवाल्याला वर बोलावलं, त्याने पक्कडीने कापली. तो म्हणाला, की मावशी, या महिन्यात तब्येत सुधारली तुमची. ताईने ते बोट पदरात लपवलं.

तिला साखरेचा आजार आहे, बारा वर्षांपासून. पथ्य इतकं कडक पाळायची, की डॉक्टर इतर रोग्यांना तिचं उदाहरण द्यायचे. आज तिला त्यांच्याकडे नेलं. रक्तातली साखर तीनशे साठ. डॉक्टरांनी मलाच झापलं, की तुम्ही उपाशी म्हणून बहिणीला खाऊ घालताय का?

परतताना ती रस्त्यात थांबली. मला वाटलं दमली. ती बेकरीच्या काचेकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकी भूक मला जन्मात लागली नव्हती रे. ही माझी नाही."

कुणाची, ते मी विचारलं नाही.

तिनेच सांगितलं. "तूच तिला ये म्हणालास ना?"

२१ मार्च

आता लिहायलाच हवं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संघटनेच्या कार्यालयात सोबत्यांनी मला शेवटचं जेवण दिलं. ताई पहिल्या रांगेत होती. जेवण झाल्यावर मी भुकेच्या निरोपाचं भाषण केलं. वीस मिनिटं. लोक पोट धरून हसले. रिकाम्या खुर्चीकडे हात करून मी म्हणालो, बाई, एकावन्न वर्षं एका घरात काढलीस, भाडं म्हणून माझे गुडघे नेलेस, झोप नेलीस, आता उद्या तुझं घर पाडणार आहेत, तेव्हा...

"जा" म्हणायचं होतं. भाषणात तसंच लिहिलेलं होतं. पण निघालेल्या माणसाला आपण कधी जा म्हणतो का? निघणारा येतो म्हणतो, आपण ये म्हणतो. जीभ वळणावर गेली. "तेव्हा, ये हं," म्हणालो.

प्रचंड टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, मुद्दाम केलं.

भुताखेतांविरुद्ध मी तीनशे सभा घेतल्या आहेत. अंगात येणाऱ्या बायकांना भर चौकात प्रश्न विचारले आहेत. मी यावर विश्वास ठेवणार नाही.

२३ मार्च

चमचाबाईला विचारलं, भूक राहते कुठे? तिने कागदावर पोटाचं चित्र काढलं. भुकेची जाणीव मेंदूपर्यंत पोचवणारा रस वरच्या भागात तयार होतो आणि तो भागच आपण काढलाय, असं तिने समजावलं. म्हणजे ती गेली ना, मी पुन्हा विचारलं. कमी झाली, काका, कायमची जाते असं कुणी सांगत नाही, ती म्हणाली. मग पेन खाली ठेवून म्हणाली, की बरेच जण तिची आठवण काढतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी चिडलो. आठवण कसली? बाहेर पडल्यावर लक्षात आलं, की भुकेबद्दल मी दोनदा विचारलं होतं, आणि दोन्हीदा घर सोडून गेलेल्या बाईबद्दल विचारावं तसं.

२५ मार्च

स्वयंपाकघराला कुलूप लावलं. ताईनेच लावायला सांगितलं, किल्ली मला दिली आणि म्हणाली, मी मागितली तरी देऊ नकोस.

दुपारी एकला तिने मागितली. दीड वाजता पाया पडली. ती. माझ्या. ज्या बाईने मला बोट धरून चालायला शिकवलं, ती.

दिली नाही.

तीन वाजता तिच्या खोलीत गेलो. ती पलंगाखालच्या पिशवीतले कच्चे बटाटे खात होती. मातीसकट. रडत होती आणि चावत होती. प्रत्येक घास वीस वेळा — माझे नियम. चौथा तुकडा डावीकडे.

२७ मार्च

साखर चारशे तीस. इस्पितळात एक दिवस ठेवलं. शेजारच्या दोन खाटांवरच्या बायकांचं जेवण तिने संपवलं, सलाईनची सुई ओढून. डॉक्टर म्हणतात, आणखी आठवडाभर असं चाललं तर हृदय साथ देणार नाही. मनाच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली आहे. पुढच्या बुधवारची वेळ.

बुधवार फार लांब आहे.

तिचा चेहरा रुंद झालाय. आज कुशीवर झोपली होती तेव्हा पाठमोरी — मला वाटलं, मीच झोपलोय.

२८ मार्च

एक गोष्ट घडली. ती जशीच्या तशी लिहितो.

दुपारी ताई पाव खात होती. मी समोर मऊ केलेलं अंडं घेऊन बसलो होतो. हात कसा गेला कळलं नाही. तिच्या ताटातला पावाचा कडक काठ मी तोंडात टाकला. चावला. गिळला.

ताई थांबली.

हात हवेत तसाच राहिला. ताटाकडे तिने असं पाहिलं, की हे कुणी वाढलं? मग माझ्याकडे पाहिलं. तिची नजर होती, माझ्या ताईची. म्हणाली, की अरे, मला आता नको, पोट भरलं.

दहा मिनिटं ती माझी ताई होती. मग दोन बोटं — टक टक.

माझ्या बरगडीखाली कळ आली, पण गेली. आणि हे लिहिलं नाही तर ही रोजनिशी काय कामाची — पाव गोड होता. असं काही मी गेला महिनाभर चाखलं नव्हतं. संध्याकाळी खिडकीत उभा राहून वाक्य म्हणालो. सायकलवाल्याने मान वर केली.

२९ मार्च

चमचाबाईचा फोन. आवाज वेगळा का येतोय, विचारलं. बरा आहे, म्हणालो. घट्ट काही खाल्लं का? नाही.

टाका भरून यायला अजून दोन आठवडे. ताईला तेवढे नाहीत.

सकाळपासून खोल्यांतून फिरतोय. किल्ली खिशात. बसवत नाही.

३० मार्च

ताई उठत नाही. खाटेवरूनच मागते. श्वासाचा आवाज शेजारच्या खोलीत येतो. ओठ निळे. दोनदा डॉक्टरांना फोन, गाडी रिकामी झाली की पाठवतो म्हणाले. गाडी आली, तर ती इस्पितळात खाईल. सुया ओढेल. मला माहीत आहे. तिला कुणी थांबवू शकत नाही हे माझ्याइतकं कुणाला —

ठरलं. मी खायचं, भुकेला परत माझ्याकडे बोलवायचं; एकाने तरी जगावं. त्यात मतभेदाला जागाच नाही.

३१ मार्च, दुपार

भात, बटाटे, पाव. पातेलं तिच्या खाटेपाशी आणलं. डाव्या हाताने खातोय, उजव्याने लिहितोय.

ताईने मनगट धरलं. "नको रे. तुझे टाके." तेवढंच म्हणाली, आणि दुसरा हात पातेल्यात.

पहिला घास.
दुसरा. तिचा हात मंदावला.
चौथा —
सातवा. हात बाहेर काढला तिने. पुसला. भिंतीकडे वळली. श्वास खाली आला, सरळ, लहान. झोपली. ओठांवर रंग येतोय.

झालं. ताई वाचली.

गाडीचा आवाज खाली. दार उघडायला उठायला हवं —

पाव उरलाय अजून —

शोकसभेत सांगतील, भावाने बहिणीसाठी — कुणीतरी बरं बोलेल — तर खरं लिहून ठेवतो. ताईसाठी सात घास होते. भूक कधीच माझ्याकडे परत आलीय. सातव्यालाच थांबता आलं असतं. हा एकोणिसावा. हे सगळे माझ्या —

डावीकडे काहीतरी उसवलं. आवाज आला. कापड उसवल्यासारखा. गरम. दुखत नाही —

दार वाजवतायत —

आणि वाक्य सुचतंय. पस्तीस वर्षांत असं सुचलं नव्हतं. तेवढं आधी उतरवतो — भूक म्हणजे