कमरेवरची घागर

माय, मला काम लागलंय. पहाटे साडेपाच ते दहा, लातुरात दुकानांतून, दवाखान्यांतून, क्लासेसमध्ये पिण्याच्या पाण्याचे जार पोचवायचे. कापड दुकानातलं माझं काम आता दुपारनंतरचंच राहिलं, म्हणून या वयात हे शोधावं लागलं. एक जार वीस लिटरचा, आणि गिऱ्हाईक नेमकं तिसऱ्या मजल्यावर. तुझ्या लेकानं पाणी भरावं, तेही परक्यांचं, हे ऐकून तू पदराआड हसली असतीस.

कामावर घेतानाच मालकानं माझी जिरवली. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस. वय विचारलं, मी चाळीस सांगितलं. सहा वर्षं खाल्ली. तो म्हणाला, "एक जार उचला, गच्चीवर ठेवून या. खाली आल्यावर निस्तं गावाचं नाव सांगा." मला वाटलं, यात काय अवघड आहे. तीन जिने चढून उतरलो, त्याच्यासमोर उभा राहिलो, तर तोंडातून 'नि... नि...' एवढंच निघालं. "निलंगा का?" त्यानंच विचारलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. "उद्यापासून या मामा. पण गिऱ्हाइकासमोर धापा टाकायच्या न्हाईत. लोक घाबरतेत."

पहिल्या आठ दिवसांत उजवा खांदा सोलून निघाला. शर्ट अडकवताना डोळ्यांत पाणी यायचं. क्लासच्या जिन्यात पोरापोरींच्या चपलांचा ढीग, त्यातून पाय ठेवायला जागा शोधत चढायचं, आणि जार निम्म्या जिन्यात मानेकडे घसरायचा. माझ्यासोबत जारच्या टेम्पोवर असतो तो पोरगा एकदा वैतागून म्हणाला, "असं काय करून राहिले, मामा? टॉवेलाची चुंबळ करा की." मी टॉवेल पिळला, गोल वळवला, शेवट आत खोचला. कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप चालले, कारण जुन्या लुगड्याच्या पट्टीची चुंबळ वळताना तुला मी रोज बघितलंय. फक्त बघितलंय. तिथंच पायरीवर बसून मी रडलो. त्याला वाटलं, खांदा दुखतोय.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हाचा तो दिवस. मारुतीच्या पारावर आम्ही पोरं बसलोय. तू आडावरून येतेस, डोक्यावर दोन घागरी, कमरेवर तिसरी. आपल्यात बाप्यानं घागर उचलायची नाही. लग्नकार्याला गाडीवर टिपाड घालून कुणी पाणी आणलं तर त्याचं केवढं कौतुक, पण रोजचं पाणी बाईच्याच डोक्यावर. तू थांबतेस. तुला मान वळवता येत नाही, म्हणून अख्खी माझ्याकडे वळतेस आणि म्हणतेस, "राजा, कमरेवरची एवढी घे रे. मान लई धरलीय." पोरं माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, "मी काय बाई हाय का?" सगळी खिदळतात. आणि माय, तूही हसतेस. मला चारचौघांत ओशाळं वाटू नये म्हणून तू हसलीस, हे कळायला मला बाप व्हावं लागलं. घर तिथून पन्नास पावलांवर होतं.

पुढे मी बावीस वर्षांचा असताना तुला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मानेचा फोटो उजेडासमोर धरला, मग तुझ्या टाळूवरचा, केस झडून गुळगुळीत झालेला गोल चाचपून विचारलं, "बाई, ओझं काय उचलता?" तू म्हणालीस, "कायच न्हाई. घरचंच काम हाय." मी शेजारीच होतो. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनी गळ्याला पट्टा दिला, आणि दुसऱ्या दिवशी तू तो पट्टा बांधूनच पाण्याला गेलीस. डोक्यावर दोन घागरी होत्याच. पुढच्या थंडीत न्यूमोनियानं गेलीस. मानेचा त्यात काही संबंध नव्हता, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो, पण मला ते खरं वाटत नाही.

सहा महिने झाले आता. तिसऱ्या मजल्यावरून उतरलो तरी तुझ्या माहेरच्या वाटेवरच्या सगळ्या गावांची नावं न थांबता सांगू शकतो. खांद्यावर घट्टा पडलाय. परवा क्लासमधल्या एका मुलीनं खुर्ची पुढे ओढली, "काका, दमलात. बसा की जरा," म्हणाली. मला बसवेना. तुला असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. मी म्हणायला हवं होतं, आणि मी ते कधीच म्हटलं नाही, याचं दुःख आता दररोज त्या जिन्यात माझ्यासोबत चढतं.

हे लिहून झालं की बायकोला वाचायला द्यायचं ठरवलं होतं. तुला तर ते पोचणार नाही, निदान तिला तरी कळेल. पण नाही देणार. आठ दिवसांनी काल दुपारी, मी दुकानात जायच्या आधी, नळ आला. नळ खाली, आम्ही वरच्या मजल्यावर. ती एकेक हंडा वर आणत होती, आणि मध्येच दारात टेकून तिनं मला हाक मारली. मी तोंडावर पांघरूण घेऊन पडलो होतो. दमून झोपलेत, असं स्वतःशीच म्हणत ती पुन्हा खाली गेली. मी जागा होतो, माय.