बाईंचा पोलीस

बाई, पेणला तुमच्या दारात पहिल्या सकाळी सॅल्यूट ठोकून उभा राहिलो, तेव्हा मनातल्या मनात मी साहेबाला, कोर्टाला आणि तुम्हाला, तिघांनाही शिव्या घालत होतो. तुमच्या घरावर दोनदा दगड पडले, फाटकाला कुणी मेलेला साप बांधून गेलं, म्हणून कोर्टाने हुकूम काढला की वकीलबाईंबरोबर एक शिपाई द्या. तो शिपाई मी. माझ्याबरोबरचे हसून लोळायचे बाकी राहिले होते. जा बाबा, कातकऱ्यांच्या वकिलाची पिशवी धर, म्हणाले. मी धरमतरच्या मिठागरावरचा पोरगा. बापाने पाय मिठाने फुटेस्तोवर राबून मला शिकवलं, ते पिशवी धरायला? अशा रागात होतो आणि तुम्ही ओल्या हाताने दार उघडलंत, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, वाल सोलता येतात का?

आमच्याकडे कडवे वाल सोलता येत नाही असा माणूस जन्मला नाही अजून. पण वर्दीत? तुम्ही मोड आलेल्या वालांचं ताट माझ्यापुढे सरकवलंत आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसवलंत. त्याचं कारण मला दुपारी कळलं. कातकऱ्यांच्या वाडीची एक म्हातारी चिंबोऱ्या-खेकड्यांची टोपली घेऊन फाटकापर्यंत आली, माझी टोपी बघितली आणि आल्या पावली परत फिरली. तुम्ही चप्पल न घालता तिच्यामागे धावलात. परत आल्यावर मला म्हणालात, "त्यांच्या दारात पोलीस आला की आधी मारतो, मग विचारतो. तुम्ही मला राखाल हो, पण तुम्हाला बघून माझी माणसंच पळाली तर मला राखून काय उपयोग?" मी वालांचं ताट पुन्हा पुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा आली आणि मला ताट घेऊन बसलेला बघून पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पोलीस वाल सोलतो व्हय गो बाय?" हसता हसताच माझ्यासमोर बसली आणि चार दाणे माझ्यापेक्षा भराभर सोलून दाखवले. त्या दिवशी तिने तुम्हाला सगळं सांगितलं. कासूच्या पलीकडे डोंगरउतारावर तिच्या सासऱ्याच्या आधीपासून त्यांची नाचणी-वरीची जमीन, मुंबईच्या कुठल्याशा शेठला तिथे बंगले उठवायचे होते, आणि वाडीतल्या झोपड्या पेटवल्या तेव्हा तिने कुणाकुणाची तोंडं बघितली, तेही. तुम्ही लिहून घेत होतात, आणि मी खाली मान घालून सोलत होतो. मिठागरावर मुकादम माझ्या बापाला कशी हाक मारायचा ते मला तेव्हा आठवत होतं, उगाच.

तुम्ही मला एकदाच रागावलात. तारखेला आपण पेणहून रोह्याला गाडीने जायचो. त्या दिवशी गर्दी होती, एक कातकरी बाप्या खिडकीशी बसला होता, त्याला मी काठी आपटून म्हटलं, ऊठ रे. तो उठला. तुम्ही बसला नाहीत. कासू गेलं, नागोठणं गेलं, जागा रिकामीच, तो माणूस उभा, तुम्ही उभ्या, आणि अख्खा डबा माझ्याकडे बघतोय. असा घाम मला कवायतीतही फुटला नव्हता. रोह्याला उतरल्यावर तुम्ही पिशवी माझ्या हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "ज्यांच्यासाठी मी कोर्टात जाते, त्यांना उठवून मी बसू?" बस्स, तेवढंच. पुढच्या तारखेला तोच बाप्या भेटला, तेव्हा मी त्याला 'अहो' म्हटलं. तो इतका दचकला की उतरूनच जायला निघाला होता.

तुम्हाला मी घाबरलेलं बघितलं आहे, बाई. लोकांना वाटायचं तुम्ही वाघीण, पण धमकीची चिठ्ठी आली की तुमच्या चहात साखर दोनदा पडायची. तरी पदर खोचून, काळा कोट हातावर टाकून निघायच्याच. शेठचे लोक म्हणायचे, बाईला गप्प केलं की वाडी आपोआप गप्प होते. वाडीला बोलता कुठे येतं? ही त्यांची खात्री. म्हणून तुम्हाला राखणं म्हणजे वाडी राखणं होतं, एवढं माझ्या जाड टाळक्यात शिरायला पावसाळा उलटावा लागला.

आणि मग म्हातारीच्या साक्षीचा दिवस. आपण रोह्याला उतरलो आहोत. तुम्ही, म्हातारी, तिची सून, वाडीचे पाच-सहा जण, आणि सगळे बांधावरून चालल्यासारखे एकामागे एक. रस्ता चांगला रुंद, तरी एकामागे एक. मी हसतोय त्यांना. तेवढ्यात जीप आडवी येते, चौघं उतरतात, हातात दांडके. त्यांची नजर थेट तुमच्यावर. मी पुढे होतो तेव्हा त्यातला एक जण क्षणभर थांबून माझ्याकडे बघतो, अगदी चकित होऊन, आणि मग त्याचा दांडका येतो तो माझ्या कोपरावर. मागे बघतो तर वाडीच्या बायांनी तुम्हाला मधे घेऊन खाली बसवलंय आणि म्हातारी तुमच्यावर अशी पडली आहे की तुमच्या कोटाचं टोकसुद्धा दिसत नाही. दुसरा दांडका तिच्या मनगटावर पडला. मी त्याला कमरेला मिठी मारून आडवा केला, तोवर धाटावला जाणारी कंपनीची बस थांबली आणि कामगार धडाधड खाली उतरले, तशी ती जीप जी सुटली! डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हातारी म्हणाली, "आधी सांगतंय, मंग हात." मोडलेलं मनगट तुमच्या रुमालात बांधून ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि तिने एकेकाचं नाव घेतलं. तुमचा आवाज त्या दिवशी एकदाही हलला नाही. मी दारात उभा होतो, कोपर सुजून भोपळा झालेलं, आणि माझी छाती अशी फुगली होती की वर्दीची बटणं तुटायची. माझ्या बापाने मला वर्दीत पहिल्यांदा बघितलं तेव्हाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता, खोटं कशाला बोलू.

जमीन वाडीची राहिली. त्यानंतरही मी दोन वर्षं तुमच्याबरोबर होतो. बदली झाली तेव्हा तुम्ही साहेबांना तुमच्या हाताने पत्र लिहिलंत, की या शिपायाने कोणत्याही दबावाला बळी न पडता कर्तव्य केलं. त्याची नक्कल मला दिलीत. बायकोने ती काच लावून भिंतीवर टांगली, पाहुणा आला की आधी ती दाखवायची, मग पाणी द्यायची. तुम्ही गेलात ते मला चार दिवसांनी कळलं. मी तेव्हा लांब होतो. वाडी मात्र अख्खी आली होती म्हणतात, एकामागे एक.

आता काय झालंय ते ऐका. म्हातारीची नात वकील झाली. हो, वाडीची पोर! रोह्याला काळा कोट घालून उभी राहते, आणि बोलायला लागली की समोरचा वकील कागद चाळत बसतो. दुसऱ्या एका वाडीची केस घेतली तिने आणि धमक्या सुरू. संरक्षणाचा अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. तोवर मी जातो तिच्याबरोबर. सत्तरी उलटलेला माणूस, थंडीत कोपर वाकत नाही, मी कुणाला अडवणार? पण जातो. ती सगळ्यांना सांगते, हे आमच्या बाईंचे पोलीस. रविवारी वाडीत माझा सत्कार आहे. त्या दिवसाची हकिकत मी स्वतःच्या तोंडाने सांगायची आहे, पोरांना ऐकायची आहे म्हणे. आणि गेले आठ दिवस मी ती कुठून सुरू करायची तेच ठरवतोय.

कारण हकिकत आदल्या संध्याकाळी सुरू होते, बाई. माझा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ, त्या शेठकडे ड्रायव्हर होता. बाजारात मला बाजूला घेऊन म्हणाला, भावजी, उद्या रोह्याला उतरलात की जरा चहा घ्यायला जा. दहाच मिनिटं. तुम्हाला कुणी हात लावणार नाय. मी त्याला काय म्हणालो असेन? "बघू" म्हणालो. आपल्याकडे सोयऱ्याला तोंडावर कोण नाही म्हणतो? बघू म्हणायचं आणि त्याने काय ते ओळखायचं. मी जाणार नव्हतोच चहाला, देवाशप्पथ, मनातसुद्धा आलं नाही. पण त्याने ते हो धरलं. मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या वाटेने गेला असतात. त्याला तिथेच नाय म्हटलं असतं, तर ते चौघं त्या दिवशी आलेच नसते. ते आले माझ्या भरवशावर. म्हातारीचं मनगट शेवटपर्यंत सरळ झालं नाही, चिंबोरी धरता यायची नाही तिला.

नातीला मी हे रविवारच्या आधी सांगणार आहे, सत्काराच्या शालीखाली झाकून ठेवणार नाही. तुम्हाला सांगायला मात्र दोन वर्षं रोज सकाळ मिळत होती, तुमच्या उंबऱ्याशी, ताट पुढ्यात घेऊन. कितीदा तोंडाशी आलं. नाही सांगितलं, कारण मला भीती वाटली, तुम्ही दुसरा पोलीस मागाल.