दांडी न धरता

१२ जानेवारी, सकाळ
लकवा मारून आज अडीच महिने. डावा पाय अजून हट्ट करतो. संडासला जाताना हरणाबाई, म्हणजे आमची मंडळी, माझा हात धरते. सगळी गल्ली बघते. जत डेपोत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, खड्ड्यांतून दांडी न धरता तिकिटं फाडली, आणि आता बायकोचा हात धरून अंगण ओलांडायचं! लाज वाटते.
निश्चय: महिन्याभरात हात सुटला पाहिजे.

१५ जानेवारी
सांगलीला फिजिओथेरपी. रुमाना मॅडम पोरगेल्याशा, पण कडक. कमरेला वरून टांगलेला पट्टा बांधला आणि ट्रेडमिलवर चालायला लावलं. मध्येच मशीन हिसका देतं. तोल सावरायला किती पावलं लागली ते कॉम्प्युटर मोजतो. दोनपेक्षा कमी पावलांत सावरलो तर एकट्याने चालायची परवानगी.
माझी सात. वर पट्ट्याला लोंबकळलो ते वेगळंच. मशीन बिघडलेलं असावं.

२२ जानेवारी
सहा. सकाळी चहा जास्त झाला होता.
मॅडम म्हणाल्या, काका, चार पायांची काठी घ्या. म्हटलं, कंडक्टरला काठी? हरणाबाई म्हणाली, "आवं, घ्या की. कोन बगतंय?"
सगळेच बघतात.

२९ जानेवारी
शोध लागला! हिसक्याच्या आधी मॅडमच्या माउसचा 'टिक' आवाज येतो. गाडीतही ड्रायव्हरने क्लच दाबला की आवाजावरून कळायचं, आता ब्रेक. पाय आपोआप रोवला जायचा. इथेही तेच. टिक ऐकला, पाय रोवला. दोन पावलं.
याला फसवणूक म्हणत नाहीत. अनुभव म्हणतात.

५ फेब्रुवारी
एक! मॅडमनी टाळ्या वाजवल्या. कागदावर सही: एकट्याने चालण्यास हरकत नाही. हरणाबाईचे डोळे भरून आले. तिच्याकडे बघून मला कसंतरीच झालं. भूक लागली असेल.

६ फेब्रुवारी, सकाळी सहा
आज एकटा जाणार. हरणाबाईला सांगितलं, दारातून हलायचं नाही.

६ फेब्रुवारी, दुपार
अंगणात शेजारच्या नाथाजीचं कोकरू पायात आलं. कोकरू काही टिक करून येत नाही. हरणाबाई धावली, मी तिलाच धरलं, आणि दोघंही पडलो. ती खाली, मी वर. तिचं उजवं मनगट मोडलं. मला साधं खरचटलंही नाही.
प्लास्टर घालताना ती डॉक्टरला सांगत होती, "मीच घसरले. त्यास्नी कायबी बोलू नगा."
मी शेजारी बसलो होतो. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

१२ फेब्रुवारी
रुमाना मॅडमना माउसचं सांगून टाकलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता रेडिओ मोठ्याने लावला आणि परत मोजलं.
सात.
म्हणजे गाडी स्टँडवरून सुटलीच नव्हती. मीच आत उभा राहून पुढची गावं पुकारत होतो.
काठी घेतली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हरणाबाईने प्लास्टर नसलेला हात पुढे केला. एकतीस वर्षं मी पॅसेंजरवर जे खेकसत आलो, तेच ती हळू आवाजात म्हणाली, "दांडी धरा."
सगळे बघत होते. धरली.