सहा आठवडे आईपाशी

८ जुलै, शाहूपुरी
सकाळी दादाकडं पोचलो, मी नि माझी लेक राही. महिन्यापूर्वी लकवा मारला, आईचं उजवं अंग गेलंय. वाचाही. मला बघून नुसतं डोळ्यांतून पाणी. अठरा वर्षांत इंग्लंडहून चारदा आले असेन. राहीला मराठी येत नाही, तो माझाच आळस. सोळा वर्षांची पोर दारातच उभी. वहिनी म्हणाली, "ये की आत. पावणी हाईस व्हय?" राहीला काहीच कळलं नाही. मला कळलं.

१३ जुलै
आईला पेज भरवायला गेले. तोंड फिरवलं. दोनदा. राहीनं वाटी घेतली, स्वतःच आ करून दाखवला. आईनंही केला. सगळी पेज संपली. मी मोरीत जाऊन स्वच्छ भांडी परत घासली.

२४ जुलै
राही वेणी घालायला शिकली. वाकडी होते, आई घालू देते. मी बोलत राहते, मुरगूडचं शेत, शाळा, बाबा. आई छताकडं बघते. तिची भाषा येणारी मी, आणि ती बघते त्या पोरीकडं.

२ ऑगस्ट
वहिनीशी वाजलं. आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवा, एवढंच म्हटलं. "वन्सं, तुम्ही गेल्यावर कोण वळवतंय? मीच की." खरंय. दादा पेपरात तोंड घालून. संध्याकाळी नवऱ्याचा फोन: तुझी रजा वाढणार नाही, तिकीट २० तारखेचंच.

११ ऑगस्ट
राही म्हणते, मी इथंच राहते. मी चिडले. तुझं कॉलेज? इंग्रजीतच शांतपणे म्हणाली, "तुला तुझ्या आईजवळ राहता येत नाही, म्हणून मीही राहायचं नाही का?"
मी तिची बॅग काढून खाटेवर ठेवली.

१९ ऑगस्ट
उद्या सकाळी निघायचं. राहीची बॅग अजून रिकामी. ती आईचे पाय चोळत होती, मी कपाटापाशी. आई म्हणाली, "जा."
स्पष्ट. वहिनीनंही ऐकलं. लकव्यानंतरचा पहिला शब्द. निघणाऱ्याला जा म्हणणारी बाई नव्हे ही. उंबऱ्यात 'जाते' म्हटलं तरी परत बसवायची, 'येते' म्हणायला लावायची.
जवळ जाऊन विचारलं, "कुणाला म्हणालीस, आई? मला, का हिला?" तिनं डोळे मिटून घेतले.
राही तीनदा विचारून गेली, आज्जी काय म्हणाली.
अजून सांगितलेलं नाही.