नात्यातली नसलेली दोन माणसं

आई,

तुझी नात माझा बायोडाटा लिहितेय. हसू नकोस. ह्यांचा कारखाना इथला गाळा सोडून लांब गेला, तेव्हापासून ह्यांना अर्ध्या दिवसाचंच काम मिळतंय, आणि पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. घरात आणखी एक पगार यायलाच हवा. म्हणून कॉलेजातून नुकत्याच सुटलेल्या पोरांसाठी असते तसली फ्रेशरची नोकरी मी या वयात शोधतेय. पोरगी मैत्रिणींचे असे कागद लिहून देते, तिला सगळं येतं. एकच पान हवं, म्हणते. जन्मतारीख नको, जात नको, वडिलांचं नाव नको, नवऱ्याचंही नको. मला पहिला संशय तिथेच आला. आपल्या मोरवा गावात माणसाची चौकशी सुरू व्हायची तीच मुळी ‘कोणाची गं तू’ इथून. कोणाची ते न विचारता काम देणाऱ्यांच्या मनात काय असेल, देव जाणे.

मी म्हटलं, मेहनती आणि प्रामाणिक असं लिही. ती म्हणाली, ते सगळेच लिहितात, म्हणून कोणी वाचत नाही. तू काय केलंस ते सांग. मी सांगितलं, लग्नाआधी तुझ्याबरोबर स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला होते. तू मला पहिल्याच दिवशी शिकवलंस, ताट उजेडाकडे तिरकं धरायचं, पोचा आपोआप दिसतो. दुपारी सगळ्या बायका डबे मध्ये ठेवून वाटून खायच्या आणि तू आपला डबा मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचीस. एकदा मी पलीकडच्या पोरीच्या डब्यातली चटणी घेतली तर घरी येईपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस. पोरीने गाळ्यातलं काम दोन ओळींत लिहिलं आणि विचारलं, अजून काय? मग बिल्डिंगचे पाण्याचे टँकर आठवले. उन्हाळ्यात टँकर आला की मी शिडीवर चढून आत डोकावते, भरलेला आहे की नाही ते बघते. ड्रायव्हर मला शिव्या घालतात, पण आमच्या बिल्डिंगला अर्धा टँकर कोणी आणत नाही. पोरीने तेही लिहिलं. वाचून बघितलं तर सगळं खरंच होतं, तरी मला ती कोणीतरी दुसरीच बाई वाटली.

कागद मोबाइलवरून पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी एका माणसाचा गोड आवाजात फोन. मॅडम, तुमची निवड झाली, फक्त नोंदणीची फी भरा. मी म्हटलं, मला न बघता निवडलंस, म्हणजे तुला बाई नको, फी हवी. ठेवला फोन. आई, त्या वेळी तू असायला हवी होतीस, असं फार वाटलं.

मग काशीगावच्या बाजूच्या एका औषधांच्या गोडाऊनमधून बोलावणं आलं. आलेला माल तपासून घ्यायचं काम. समोर माझ्या पोरीएवढी मुलगी बसलेली. तिने टँकरचं दोनदा विचारलं, हसली, मला ती आवडली आणि म्हणूनच मी जरा सावरून बसले. शेवटी ती म्हणाली, तुमच्याबद्दल सांगतील अशा दोन माणसांचे नंबर द्या, फक्त नात्यातली नकोत. महागडी औषधं असतात, त्यामुळे याशिवाय आम्ही कोणालाच घेत नाही.

नात्यातली नकोत. मोरव्यात दगड भिरकावला तर कुठल्यातरी मामालाच लागायचा. इथे जेसल पार्कला येऊन सोळा वर्षं झाली, तर सोसायटीचे सेक्रेटरी सोडून दुसरं नाव सुचेना. ते मला घाबरतात, त्यामुळे चांगलंच बोलतील. पण दुसरं कोण? दोन दिवस मी विचार करत होते आणि दुसऱ्या दिवशी मला तुझा राग आला. खूप राग आला. ‘कोनी आपला न्हाय, घरचा घरात ऱ्हाला पायजे,’ हे तू मला भाताबरोबर भरवलंस. ताईला बघायला पाहुणे यायचे होते तेव्हा शेजारच्या मावशीकडून तू खुर्च्या आणल्या होत्यास. तुझी एकुलती एक मैत्रीण. ते स्थळ मोडलं आणि तू ठरवून टाकलंस की तिनेच पाहुण्यांना काहीतरी सांगितलं. खुर्च्या परत केल्यास ते शेवटचं. तू गेलीस तेव्हा ती येऊन दारापाशीच बसली होती आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त रडत होती. आई, तिने सांगितलं होतं हे तुला कोणी सांगितलं? हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

राहिल्या समोरच्या दारातल्या भाभी. राजस्थानच्या आहेत. त्यांच्या घरी सतत माणसं येतात, त्या कोणालाही नाही म्हणत नाहीत, ढोकळा केला की वाटी पाठवतात आणि मी ती वाटी भरून परत करते, कारण उपकार नकोत. एवढ्या गोड बाईला काहीतरी हवं असणार, असं मी सोळा वर्षं धरून चाललेय. तरी गेले आणि तुमचा नंबर देऊ का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “बस इतना ही? मैं तो डर गई, लगा फिर पानी का कुछ हुआ.” आणि नंबर लिहून दिला.

गोडाऊनमधून त्यांना फोन आला तेव्हा दुपार होती. त्यांचं दार नेहमीसारखं उघडं. मी माझ्या जाळीच्या दाराआड उभी. हो, चोरून ऐकत होते.

“शक तो बहुत करती है,” भाभी सांगत होत्या. “दूधवाला भी डरता है उससे. मुझपे भी करती है, इतने साल से. मैं क्या समझती नहीं? लेकिन मेरी सास गिरी थी ना, घर में कोई नहीं था, तब वही रिक्शा में डालके हॉस्पिटल ले गई. आप रख लो उसको.”

नोकरी लागली, आई. गेल्या सोमवारपासून जातेय. खोकी उजेडाकडे तिरकी धरून बघते, तर बरोबरची पोरं हसतात.

त्या दिवशी मी फोनवर काय झालं म्हणून विचारलं, तर भाभी म्हणाल्या, “अच्छा ही बोला.” बाकी काही नाही. स्वतःच्या कानांनी सगळं ऐकलेलं असूनही मला क्षणभर वाटलं, ही काहीतरी लपवतेय. मग मीच शरमले. काल सुट्टी होती, तर त्यांना घरात बोलावलं, चहाला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. त्या माझ्या खुर्चीवर बसून तासभर सासूच्या, सुनेच्या, गावच्या गोष्टी सांगत होत्या आणि मीही बोलले, अगदी ह्यांच्या कामाचंसुद्धा. इतकं मोकळं मी कोणाशी बोलले नव्हते. तुझ्याशीही नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार? तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवणाऱ्यावर तू विश्वास ठेवला नसतास. पोरीलाही दाखवणार नाही, कारण शेवटचं एक सांगायचं राहिलंय आणि ते फक्त तुलाच कळेल. चहा झाला, भाभी गेल्या, त्यांच्या दारातून मला हात केला. मी हसून हात केला. मग आतल्या खोलीत जाऊन कपाटाचं कुलूप ओढून बघितलं.

बंदच होतं.