कानडीत घेतलेलं नाव

अप्पा, तुमच्या थोरल्या नातीचं लग्न परवा झालं. उदगीरच्या पलीकडं, महाराष्ट्रात दिली. तुम्ही मागत होता ते राज्य गावाला काही मिळालं नाही, नातीला मिळालं. तुम्ही असता तर मिशीत हसला असता. मांडव उतरल्यावर घर मोकळं मोकळं वाटायला लागलं, म्हणून लिहायला बसलो.

एकाच अंगणात बसून तुम्ही किती राज्यं पाहिलीत. निजामाच्या अमलात उर्दूत शिकलात. तरुणपणी निजामाविरुद्ध लढायला घरदार सोडून सरहद्दीवरच्या छावणीत राहिलात. मग हैदराबाद राज्य मोडलं, आपल्याला म्हैसूर राज्याला जोडलं, आणि तुमच्या अखेरच्या वर्षांत त्याचं कर्नाटक झालं. विहीर आणि चिंच मात्र जागच्या जागी. एकदा औरादच्या बाजारातून गाडीनं परतताना मी विचारलं होतं, देश म्हणजे नेमकं काय? तुम्ही कासरा माझ्या हातात दिलात आणि छावणीतल्या जोडीदाराची गोष्ट सांगितलीत. चिटगुप्प्याकडचा माणूस, घरात कानडी बोलणारा. एका घोंगडीत तुम्ही दोघं निजायचात. "ज्याच्यापायी कदी न बगितलेला माणूस बी आपला वाटतो, त्यो देश," म्हणालात. तिथंच तुम्ही एकमेकांना शब्द दिला होता, पुढं सोयरीक करायची. त्यांची मुलगी आणि मी.

लग्न ठरलं नेमकं दोन राज्यांच्या सीमेची सरकारी चौकशी चालू होती तेव्हा. चौकशीचे साहेब आपल्या भागात येणार, गावाचं म्हणणं ऐकणार, आणि गावातर्फे बोलणार तुम्ही. चावडीवरची पोरं घरी आली. पुढं माझा चुलतभाऊ.

"अप्पा, ह्ये काय करायलाव तुमी? कानडी राज्य नगं म्हनायचं, अन् सून कानडी आनायची? सोयरीक मोडा."

"कामून?"

"लोकं हासतील."

तुम्ही पानाला चुना लावत होता. मान वर न करता म्हणालात, "राज्याचा अर्ज सरकारकडं केलाय. सूनबाईकडं न्हाई केला."

पोरं गेली, पण राग घेऊन गेली. मला लग्नाचा दिवस अजून लख्ख दिसतो. वरात दारात आली आहे. नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही, ही आपली रीत, त्यांच्याकडंही तीच. चुलतभाऊ दोन्ही हात चौकटीला लावून उभा आहे. त्याच्यामागं चार पोरं, आणि आपल्या आत्यासुद्धा. "मराठीत नाव घेतलं तर आत," तो म्हणतो. तिला मराठी येत नाही. ती खाली मान घालून उभी आहे, माझ्या उपरण्याला बांधलेली गाठ मुठीत घट्ट धरून. थट्टा आहे असं आधी वाटतं, पण तो हात काढत नाही. तिच्या मागं तुमचे छावणीतले जोडीदार. त्यांनी पटका सावरला आणि वळून आपल्या गाडीकडं पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं, आणखी थोडा वेळ गेला तर ते लेकीला घेऊन परत जातील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

तुम्ही घरातून आलात. चुलतभावाचा हात बाजूला केला नाहीत. त्याच्या हाताखालून वाकून बाहेर निघालात आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिलात. "मग मी बी भाईरच," म्हणालात. नंतर तिच्याकडं वळून, सगळ्या गावासमोर, कानडीत सांगितलंत: पोरी, तुझ्या बोलीत घे. घर माझं आहे.

मग मान वर करून तिनं नाव घेतलं. दारात इतका वेळ उभं करणाऱ्या घरातल्या पुरणपोळ्या आता तव्यावर करपल्या असतील, आणि या माझ्या धन्याला करपलेलं खायची सवय आहे की नाही ते मला अजून ठाऊक नाही, अशा अर्थाचं काहीतरी, यमक जुळवून. सगळ्यांत आधी हसला तो चुलतभाऊ.

"कामून हासलास रं?" तुम्ही विचारलंत.

"पोळ्या करपल्या म्हनली की, अप्पा."

"मग तुला कळतंय म्हन की सगळं. सर बाजूला."

कळणारच. बाजारात, मठात, सोयऱ्यांत, सगळीकडं कानडी होतीच की. आत्या तोंडाला पदर लावून हसत आत पळाल्या, पोळ्या पाहायला.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. तुम्ही चावडीवर उभं राहून सांगितलंत, आम्ही मराठी आहोत, आम्हाला महाराष्ट्रात घाला. एक शब्द मागं घेतला नाहीत. साहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं. त्यांनी विचारलं, घरात कानडी सून आली म्हणे? तुम्ही म्हणालात, "व्हय. तिच्यासंगटच यायचं म्हनतोय."

इतक्या वर्षांत मी पुष्कळ भाषणं ऐकली, दोन्ही बाजूंची. भाषेच्या अभिमानानं राज्यं झाली, आणि त्यात वाईट काही नाही. आपल्या बोलीत शाळा असावी, कचेरी असावी, हे मागणं मी आजही मागतो. पण अभिमान दारात उभा राहिला की माणसानं कुठल्या बाजूला उभं राहावं, ते मला कुणाच्या भाषणातून कळलं नाही. मी ते त्या दिवशी पाहिलं होतं. तुमचा मुलगा म्हणवून घेताना माझी छाती फुगते, अजूनही.

हे पत्र टाकायचं कुठं? पाकिटावर राज्याचं नाव लिहावं लागणार नाही, तेवढं बरं. पूजेसाठी तुमच्या सूनबाईनं दोनदा हाक मारली आहे, उठायला हवं. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. विभूती लावून देवासमोर डोळे मिटले की माझ्या मनातलं मागणं आता कानडीत येतं. कधीपासून, ते माझं मलाही कळलं नाही.